थोडं दुखेल

"दुखेल हं बाळा, थोडं दुखेल," सिस्टर म्हणाल्या आणि मुंगीची गुबगुबीत मांडी त्यांनी दोन बोटांत अशी धरली, जसं कुणी पिकलेलं फळ न दाबता तपासावं. लसीकरणाच्या त्या लांबट खोलीत बाकीच्या सगळ्या आया एका सुरात खोटं बोलत होत्या. काही नाही होत, काही नाही, ती बघ चिमणी, ते बघ भूर. भिंतीवर चिमणी नव्हती, एक बंद पडलेलं घड्याळ होतं. मुंगीच्या आईच्याही तोंडात तेच आलं होतं, काही नाही होत, पण सिस्टरांनी मान हलवून तिला गप्प केलं. "मी पोरांना कधी दुखणार नाही असं सांगत नाही. एकदा फसवलं की पुढच्या वेळी दारातूनच रडतात. आपल्यावरचा विश्वास जातो तो जातोच, वर सुईचीही भीती दुप्पट." सुई गेली, आली. मुंगी आधी नवल वाटल्यासारखी बघत राहिली आणि मग तिने जे भोकाड पसरलं त्यात अख्खी खोली बुडाली. तिने पोरीला छातीशी घेतलं. सिस्टर निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं, तरी लसीकरणाच्या दिवशी हात कमी पडतात म्हणून येत. त्या तिच्या ग्राहक होत्या. म्हणजे ती जिथे गुंतवणुकीचा सल्ला द्यायची त्या संस्थेच्या. पण सिस्टर संस्था वगैरे म्हणत नसत, "माझी सल्लागार" म्हणत, जसं लोक माझा न्हावी, माझा शिंपी म्हणतात तसं, आणि तिला ते फार आवडायचं. कापूस मांडीवर दाबून धरत सिस्टर हसून म्हणाल्या, "बरं, तुमचा निरोप ऐकला हं. सगळं तुम्ही सांगितलंत तसं केलं. ठेव मोडली, तिकडे टाकली. आता निर्धास्त आहे मी."

ती कापसाकडे बघत राहिली. कापसावर लाल ठिपका उमटत होता. ठेव मोडली. तिकडे टाकली. तुम्ही सांगितलंत तसं. तिने विचारलं, "कसला निरोप?" आणि तिचा आवाज इतका साधा निघाला की तिला स्वतःचीच भीती वाटली. "अहो, तुमचाच, फोनवरचा. तुमच्या आवाजातला. रजेवर जाते आहे म्हणून. तुमच्या जागी जी मुलगी आली तिने आधी तो ऐकवला, मग कागद दाखवले. मी म्हटलं, त्यांचा आवाज आहे ना, मग झालं तर. पुढच्या महिन्यापासून व्याज सुरू होईल म्हणाली. ताईच्या बाईचा पगार त्यातूनच द्यायचा आहे." ताई म्हणजे सिस्टरांची थोरली बहीण. तिला आता दिवस आणि रात्र यांतला फरक कळेनासा झाला होता. दिवसभर तिच्याजवळ बसायला एक बाई ठेवलेली होती आणि सिस्टरांच्या आयुष्यभराच्या रात्रपाळ्यांची जी काही पुंजी साठली होती, तिचं व्याज त्या बाईच्या पगारात जायचं. इतकं साधं गणित. मूल्यमापन, उद्दिष्ट, कालावधी, सिस्टरांच्या फॉर्मच्या सगळ्या रकान्यांत तिने पूर्वी एकच गोष्ट भरली होती: हे पैसे हलवायचे नाहीत. "कागद कधी मिळाले, सिस्टर?" "झाले की बरेच दिवस. का हो?" "काही नाही," ती म्हणाली. काही नाही होत. आणि पुढच्या बाळाची पाळी आली.

बाबागाडी ढकलत ती रस्त्यावर आली तेव्हा ऊन चढलं होतं. बाबागाडी निळी होती, मऊ चाकांची, दुमडली की पेटीसारखी होणारी. नवरा म्हणाला होता, एवढी महागडी कशाला, चार दिवसांची तर गोष्ट. पण रजेतच, गेल्या महिन्यात, तिच्या खात्यात काहीतरी जास्तीचं जमा झालं होतं. बोनस असेल, ती म्हणाली होती, आणि दोघं जाऊन हीच गाडी घेऊन आले होते. मुंगी आता हुंदके देत देत झोपली होती, ओठ अजून रडायच्या आकारात. तिला राग येत होता, पण तो अजून नीट बसायला जागा शोधत होता. आधी तिला वाटलं पोटात आहे, मग छातीत दूध भरून आल्यासारखं दुखायला लागलं, मग तो हातांत उतरला आणि तिने गाडीचा दांडा इतका आवळला की बोटं पांढरी पडली. तिने रस्त्याच्या कडेला थांबून फोन काढला. निरोप अजून फोनमध्ये होता. आठव्या महिन्यात, सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून तिने तो बोलून दिला होता. संस्थेचा रिवाजच होता तो: कुणी सल्लागार लांबच्या रजेवर निघाला की आपल्या ग्राहकांसाठी स्वतःच्या आवाजात निरोप ठेवून जायचा, म्हणजे माणसं बिथरत नाहीत. तिने कानाला लावून ऐकलं. आपलाच आवाज, धाप लागलेला, जरा लाडात आलेला, जगावर खूश असलेला. मी थोडे महिने नाही, माझ्या जागी माझ्या सहकारी असतील, त्या तुमची नीट काळजी घेतील, तुम्ही निश्चिंत राहा. आणि मग थोडं थांबून, जवळ येऊन सांगितल्यासारखं: "आणि एक. मी येईपर्यंत काहीही हलवू नका. कुणी कितीही गोड बोललं तरी. मी आले की आपण बसू." सिस्टरांनी हे शेवटचं ऐकलंच नसणार. ऐकलं असतं तर त्या बाईंनी, ज्यांनी आयुष्यात कधी डॉक्टरांनी लिहिल्यापेक्षा एक थेंब जास्त दिला नाही, ठेव मोडली असती का?

काहीही हलवू नका. फळा म्हणायचा, "मॅडम, काही करू नका हा सल्ला नाही, ही सुट्टी आहे." फळा म्हणजे तिचा साहेब. त्याला सगळे पाठीमागे फळाच म्हणत, कारण तो कुठल्याही गोष्टीला उत्तर द्यायला उठून फळ्यावर वर्तुळं काढायचा. चहा थंड का आला असं विचारलं असतं तरी त्याने तीन वर्तुळं आणि एक बाण काढला असता. पण तिची नोकरीच मुळी ह्या एका वाक्यावर उभी होती. काही करू नका. दहातल्या सात माणसांना हाच सल्ला द्यायचा असतो, आणि त्यातून कुणालाच काही मिळत नाही, ना संस्थेला, ना तिला. मिळतं ते फक्त समोरच्याला, आणि तेही त्याच्या लक्षात येत नाही, कारण जे घडलं नाही ते दिसत नाही. तिला ते नोकरीत शिरताना कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला एका कॅलेंडरने शिकवलं होतं. बाबा गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात एक गृहस्थ घरी आले होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं असं की कानात कापूस घातल्यासारखं वाटावं. "वहिनी, काळजी करू नका," ते म्हणाले होते. आईने काळजी केली नाही. बाबांच्या कार्यालयातून जे आलं होतं ते सगळं त्यांच्या योजनेत गेलं, आणि योजना अशी होती की आईला गरज होती तेव्हा ती बंद होती, आणि ती उघडली तेव्हा आईची गरज संपून तिची जागा सवयीने घेतली होती. फसवणूक नव्हती ती. सगळं छापलेलं होतं, सही होती. ते गृहस्थ वाईटही नव्हते. दरवर्षी न चुकता यायचे, धबधब्याचं चित्र असलेलं कॅलेंडर द्यायचे, आणि आई त्यांना चहा करायची. तिचा सगळा राग त्या चहावर होता. साखर घालून, दूध घालून, बशीत कप ठेवून. त्या कॅलेंडरांचे जुने कागद आई तिच्या शाळेच्या वह्यांना घालायची, म्हणून तिच्या गणिताच्या, भूगोलाच्या, सगळ्या वह्यांवर धबधबेच धबधबे होते, आणि वर्गातल्या मुली तिला ओलीचिंब म्हणायच्या. पुढे शिकून ती सल्लागार झाली ती त्या खुर्चीवर दुसरं कुणी तरी बसावं म्हणून. चहा न घेता उठणारं. नको म्हणणारं.

तिने नवऱ्याला फोन लावला. "मी ऑफिसात जातेय." "आज? मुंगीला घेऊन? लस दिली ना आज, ताप येईल तिला." "येऊ दे." तो सांभाळून म्हणाला, "काय झालंय?" तिने सांगितलं, चार वाक्यांत. नवरा म्हणाला, "अगं, पण तू तर रजेवर होतीस. तुझा काय संबंध?" हे त्याने तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं हे तिला कळत होतं आणि म्हणूनच तिला फोन रस्त्यावर आपटावासा वाटला. "माझा आवाज होता," ती म्हणाली. "ऐक ना, आठवड्यावर आलंय तुझं रुजू होणं. घराचा हप्ता..." "माहीत आहे मला हप्ता," ती म्हणाली, "मीच काढून दिला होता तो हिशोब," आणि फोन ठेवला.

ऑफिसात शिरल्याबरोबर जे व्हायचं तेच झालं. बाबागाडीभोवती गर्दी. अय्या, कशी झोपलीय, नाक अगदी तुझं, अगं बाळसं बघ, आणि तू? तू कशी वाळलीस गं. कुणीतरी मुंगीच्या मुठीत बोट घातलं. ती हसत होती. हसणं तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी चिकटवून दिल्यासारखं बसलं होतं आणि त्याच्या मागे ती दात आवळून उभी होती. तिच्या खुर्चीवर बसलेली मुलगी उठून आली, "ताई, या ना, बसा, तुमचीच जागा," म्हणाली. चांगली होती मुलगी. डोळ्यांखाली काळं, नखं कुरतडलेली. तिने हळूच विचारलं, "सिस्टरांना तू निरोप ऐकवलास?" "हो ताई, सरांनी सांगितलं होतं सगळ्यांना आधी तोच ऐकवायचा. काय सोपं जातं हो त्याने! नुसता तुमचा आवाज ऐकला की माणसं पेन शोधायला लागतात." मुलगी हे कौतुकाने सांगत होती. "सगळ्यांना?" "म्हणजे तुमच्या सगळ्या ग्राहकांना. ज्यांच्या ठेवी होत्या त्यांना आधी." तिला एकेक चेहरा दिसायला लागला. लंगडत येणारे सुतारकाका. त्या जुळ्या बहिणी, एकीने सही केली की दुसरी करणाऱ्या. प्रत्येकाच्या कानाशी तिचाच लाडिक, पोटुशी आवाज. निश्चिंत राहा. तिने टेबलावरची सिस्टरांची फाईल ओढून उघडली: विम्याची पॉलिसी, दहा वर्षं, दरवर्षी हप्ता, आणि खाली कागद मिळाल्याची तारीख.

"अरे वा वा वा! कोण आलंय!" फळा दार उघडून बाहेर आला आणि तिने काही म्हणायच्या आत त्याने वाकून गाडीतून मुंगीला उचललंसुद्धा. सराईत हात होते, दोन मुलांचा बाप होता तो. मुंगी जागी झाली, त्याच्या टायकडे बघत गप्प राहिली. "बघा, बघा, ओळखते मला. या, आत या." आणि पोरीला घेऊन तो आत निघून गेला, म्हणून तिलाही जावं लागलं. तिच्या लक्षात आलं, तिचे हात रिकामे आहेत आणि ते कुठे ठेवायचे तिला कळत नाहीये. ती उभीच राहिली. "सर, माझा निरोप कापलात तुम्ही." "निरोप? हां, तो. लांब होता मॅडम. माणसं अर्धा मिनिट ऐकतात, पुढे नाही. आणि शेवट जरा, काय म्हणतात, नकारात्मक वाटत होता. कुणी कितीही गोड बोललं तरी, म्हणजे काय? आपल्याच सहकाऱ्यांबद्दल?" तो मुंगीला खांद्यावर घेऊन थोपटत होता, तालात. "सिस्टरांची ठेव मोडून तुम्ही त्यांना विम्याची पॉलिसी दिलीत. दहा वर्षांची. वर दरवर्षी हप्ता. त्या साठीच्या आहेत, सर. त्यांना वाटतंय पुढच्या महिन्यापासून व्याज येणार आहे." "पॉलिसी चांगली आहे." "कुणासाठी?" "चांगली म्हणजे चांगली आहे मॅडम. सगळं छापलेलं आहे. सही आहे." तिला धबधब्याचा आवाज ऐकू आला. खरंच ऐकू आला, एअर कंडिशनरमधून. "सल्लागाराचं कर्तव्य," ती म्हणाली, आणि तो शब्द तिच्याच तोंडात भाषणातल्यासारखा वाटून तिला आणखी राग आला, "आपलं कर्तव्य समोरच्याचं हित बघणं आहे. लिफ्टमध्ये लावलंय तुम्ही. फ्रेम करून." फळा हसला. वाईट नाही हसला, थकलेल्या माणसासारखा हसला. "बसा. तुम्ही आत्ता हळव्या अवस्थेत आहात, मी समजू शकतो. आमच्या हिलाही असंच व्हायचं." मग एका हाताने पोरीला सावरत दुसऱ्या हाताने त्याने खडू नव्हे, मार्कर उचलला आणि फळ्यावर एक वर्तुळ काढलंच. "ही शाखा. हे टार्गेट. तुम्ही रजेवर असताना तुमच्या नावावर जे काम झालं त्याचा वाटा तुम्हाला गेलाय. पूर्ण. मी एक पैसा इकडे तिकडे केला नाही. आठवतंय ना, मध्ये जमा झाला तो?"

निळी बाबागाडी दाराबाहेर उभी होती. काचेतून दिसत होती. मऊ चाकांची. दुमडली की पेटीसारखी होणारी. त्या गाडीत घालून तिने मुंगीला रोज संध्याकाळी फिरवलं होतं, शेजारणींना म्हणाली होती, रजेत असूनही बोनस दिला हो, माणसं चांगली आहेत. ताईजवळ बसणाऱ्या बाईचा पगार होता तो. तिची मुलगी ताईच्या बाईच्या पगारात झोपत होती. आता राग बसायला जागा शोधत नव्हता. तो सगळीकडे होता, टाळूपासून तळपायापर्यंत, आणि नवल म्हणजे त्याने तिला हलकं वाटत होतं, कळा सुरू व्हायच्या आधी एकदम सगळं स्वच्छ दिसलं होतं तसं. "परत करायची मुदत उद्या संपते," ती म्हणाली. पॉलिसी पटली नाही तर कागद मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत ती परत करता येते, हे फळ्याला माहीत होतं, मुलीला माहीत होतं, कागदावर बारीक अक्षरांत होतं. फक्त सिस्टरांना कुणी सांगितलं नव्हतं. फळ्याचा थोपटणारा हात थांबला. "मॅडम, ते ग्राहकाने स्वतःहून विचारलं तर सांगायचं असतं. आपण होऊन नाही. तुम्ही एकीकडे गेलात की उद्या सगळे दारात उभे राहतील." "राहू देत." "मग मला तुमची खुर्ची धरून ठेवता येणार नाही. मी हे धमकी म्हणून सांगत नाही हं. मोठ्या भावासारखं सांगतोय. काळजी वाटते म्हणून." मुंगी अचानक रडायला लागली. भूक लागली होती की ताप चढत होता की नुसतंच परकेपण कळलं होतं कोण जाणे. रडण्याबरोबर तिच्या छातीत दूध सुटलं, कपड्यावर दोन ओले डाग पसरायला लागले आणि फळ्याने घाईघाईने नजर खिडकीकडे वळवली. तिला लाज वाटली नाही. पुढे होऊन तिने हात पसरले. "द्या इकडे माझी मुलगी," ती म्हणाली, आणि फळ्याने ती दिली, पटकन, गरम भांडं द्यावं तशी.

तिने पोरीला जिन्यात बसून पाजलं. एका हाताने तिने आपला जुना निरोप, न कापलेला, आपल्या सगळ्या ग्राहकांना पाठवून दिला. खाली लिहिलं: मी हे एवढं बोलले होते, तुम्हाला अर्धंच ऐकवलं. नवे कागद घेतले असतील तर आजच मला फोन करा. मग ती सिस्टरांच्या घराकडे चालायला लागली. घर जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती, आणि गाडी खाली कुणाच्या भरवशावर सोडायची म्हणून ती पायरी पायरी करत उलटी वर ओढत नेली. दुसऱ्या मजल्यावर थांबून तिने दम घेतला. तिला वाटत होतं, सिस्टर मला माफ करतील, मला जवळ घेतील, म्हणतील तुमचा काय दोष. आणि असं वाटतंय ह्याचाच तिला संताप आला. ती चहा प्यायला चालली नव्हती.

सिस्टरांनी दार उघडलं, हसल्या. "अगं बाई! ताप आला का हिला?" लगेच हात मुंगीच्या कपाळावर. आत पलंगावर ताई बसल्या होत्या, शेजारी ती बाई त्यांच्या केसांची वेणी घालत होती. ताईंनी विचारलं, "सकाळ झाली का?" "दुपार आहे, आजी," बाई म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "बसा, चहा टाकते." "नको," ती म्हणाली. "चहा नको. बसतही नाही." सिस्टरांनी तिच्याकडे बघितलं, ओल्या कपड्यांकडे, चेहऱ्याकडे. इतकी वर्षं वॉर्डात काढलेली बाई. खोलीत शिरणाऱ्या माणसाच्या चालीवरून त्यांना काय ते कळायचं. त्यांचा हात मुंगीच्या कपाळावरून निघाला. तिने तोंड उघडलं आणि सवयीने तेच वाक्य जिभेवर आलं, काळजी करू नका, आणि तिने ते गिळलं.

"सिस्टर, दुखेल," ती म्हणाली. "थोडं दुखेल." आणि तिने सांगितलं. व्याज येणार नाही, पुढच्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षी नाही. ते पैसे अडकलेत. माझा आवाज वापरला, पण आवाज माझा होता, आणि त्याचा वाटा माझ्या खात्यात आलाय, ही गाडी त्यातली आहे. तो तुम्हाला परत मिळेल. आज जाऊन अर्ज दिला तर पैसे परत येतात, थोडे कापून. मोडलेल्या ठेवीचं व्याज गेलं ते गेलं. उद्यानंतर काहीच करता येत नाही. ती थांबली नाही, कारण थांबली असती तर कुठलं तरी मऊ वाक्य मध्ये घुसलं असतं. सिस्टर ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला, एकेक दिवा मालवत जावं तसा. केस विंचरणाऱ्या बाईचा हात वेणीतच राहिला होता. "मी तुमच्या आवाजावर सही केली," सिस्टर म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "हो," ती म्हणाली. "मी त्या मुलीला एक प्रश्न विचारला नाही. चाळीस वर्षं औषधाच्या बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय सुई भरली नाही मी. आणि तुमचा आवाज ऐकला म्हणून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "हो," ती पुन्हा म्हणाली. 

सिस्टर आत गेल्या. कपाट उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात कागदांची पिशवी होती आणि पायात चपला. बाईला म्हणाल्या, "ताईंना खायला घाल, मला उशीर होईल." ताईंनी विचारलं, "कामावर चाललीस?" "हो," सिस्टर म्हणाल्या. तिच्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं, पिशवी काखेत घट्ट धरली आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या निळ्या बाबागाडीकडे क्षणभर पाहिलं. तिला वाटलं, आता ह्या लाथ मारतील गाडीला. मारली असती तर बरं झालं असतं. सिस्टर वाकल्या, गाडीचा पुढचा दांडा हातात घेतला, आणि आयुष्यभर स्ट्रेचर उचललेल्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, "मागून धरा. पोरीचं डोकं वरच्या बाजूला ठेवा." तिने मुंगीला गाडीत ठेवलं आणि मागून धरलं. दोघी पायऱ्या उतरायला लागल्या, आणि मध्ये मुंगी, तापलेली, डोळे उघडे टाकून, एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होती.